तिरप्या उजेडातले गुप्तेकाका

आधी वास यायचा. घंटीकडे हात नेतानेताच तो दाराच्या फटीतून भेटायला यायचा: पत्र्याच्या डब्याच्या तळाशी विसरून राहिलेल्या नानकटाईसारखा, गोडसर, कोरडा, आणि त्याच्या मागे अगदी पुसट धुळीचा. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत इतर दारांमागून फोडणीचे, उदबत्तीचे, दोरीवर न वाळलेल्या कपड्यांचे वास येत. दुसऱ्या मजल्यावरच्या गुप्तेकाकांच्या दारामागून जुन्या कागदाचा येई.

"वास गोड आला तर कागद म्हातारा झालाय," काका सांगत. "आंबट आला तर आजारी. म्हाताऱ्याला चारचौघांत बसू द्यावं. आजाऱ्याला वेगळं ठेवावं."

हा कागद म्हणजे चित्रकथांचे जुने अंक. आमच्या आधीच्या पिढीने दप्तरात लपवून वाचलेली, मधोमध दोन पिना मारलेली, पातळ, रंगीत पुस्तके. अशा अंकांचा संग्रह करणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत, हे मला काकांची ओळख होईपर्यंत माहीत नव्हते. रविवारी सकाळी ती ठाण्याहून, कल्याणहून, बदलापूरहून त्यांच्याकडे येत. आपल्या अंकाची अवस्था नेमकी काय आहे, हे काकांनी सांगावे, एवढ्यासाठी येत. काका अंक तपासत आणि एक शब्द उच्चारत. त्याला ते शेरा म्हणत. तो शब्द एका चिठ्ठीवर लिहिला जाई, चिठ्ठी अंकाबरोबर पारदर्शक पिशवीत जाई, आणि त्यानंतर त्या अंकाबद्दल कुणी वाद घालत नसे.

आयुष्यभर त्यांनी मोहने गावातल्या कारखान्यात धागा तपासला होता. रोज आंबिवलीला उतरायचे, चालत कारखाना गाठायचा आणि शंकूसारख्या कोनावर गुंडाळलेल्या धाग्यावरून अंगठा व तर्जनी फिरवून त्याची प्रत सांगायची. कारखाना बंद पडला तरी बोटांचा तपास थांबला नाही. बोलता बोलता ती वर्तमानपत्राच्या कडेवरून फिरत, मटाराच्या शेंगेवरून फिरत, समोरच्या माणसाच्या बाहीवरून फिरत. एकदा माझ्या ओढणीचे टोक चिमटीत धरून म्हणाले, "दुकानदारानं सुती सांगितलं असेल. निम्मंच खरं बोललाय."

माझी त्यांची पहिली भेट एका अपमानानेच झाली. बाबा गेल्यानंतर त्यांच्या कपाटात लाल रेक्झिनमध्ये बांधलेला एक जाडजूड खंड सापडला. चोवीस चित्रकथा, क्रमाने लावलेल्या, कडा एका रेषेत कापलेल्या, पाठीवर सोनेरी अक्षरांत बाबांचे नाव. मी तो छातीशी धरून काकांकडे नेला. त्यांनी तो उघडला, दोन पाने उलटली आणि मिटला.

"बाइंडिंग कुणी केलं?"

"बाबांनी करून घेतलं. कल्याणच्या एका दुकानातून. फार जपायचे ते हे."

"दिसतंय." त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवले. "मुखपृष्ठं चारी बाजूंनी छाटली. पिना काढून कण्यात दोरा ओवला. चोवीस अंक होते, आता एकही नाही." मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "वाईट वाटून घेऊ नकोस. मायेनं केलेलं नुकसान असंच असतं. फार नीटनेटकं असतं. दुरून पाहिलं तर कळतसुद्धा नाही."

मला त्यांचा राग आला होता. तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. कवितेच्या अभ्यासात इतकी वर्षे घालवूनही एका वस्तूकडे इतक्या सावकाश पाहणारे माणूस मी कधी बघितले नव्हते.

पाहण्याआधी ते हात धूत. साबण बिनवासाचा, टॉवेल वेगळा, खुंटीही वेगळी. मग पूर्वेच्या खिडकीपाशी टेबलावर धुवट पांढरे कापड पसरत. अंक त्यावर ठेवून आधी हुंगत. मग कणा बघत: वाचताना पान मागे दुमडण्याच्या सवयीने कणा एका बाजूला लोळला आहे का, रंगावर पांढऱ्या बारीक चिरा उठल्या आहेत का. मग पिना: त्यांचा गंज कागदात उतरला आहे का. मग कोपरे, दमट भिंतीचे डाग, कसरीने पाडलेली भोके, कुणी कूपन कापून नेले आहे का, शब्दकोडे पेनाने सोडवले आहे का. मग पाने मोजत, आणि मोजताना मान किंचित कलती करून ऐकत. "चांगल्या पानाचा आवाज मऊ येतो," ते म्हणत. "कडकड वाजलं की समजावं, कागदातलं पाणी आटलं." सर्वांत शेवटी अंक दोन्ही तळहातांवर घेऊन डोळ्यांच्या पातळीला आणत आणि खिडकीच्या उजेडात तिरपा करत. समोरून पडलेला उजेड सगळे झाकतो, तिरपा सगळे सांगतो, हे त्यांचे आवडते वाक्य होते. त्या उजेडात गुळगुळीत दिसणाऱ्या मुखपृष्ठावर पन्नास वर्षांपूर्वीच्या नखाचा ओरखडासुद्धा लहानशा दरीसारखा उमटे.

शेरे पाच होते. कोरा, जपलेला, वापरातला, झिजलेला, जीर्ण. कोऱ्या अंकाचे त्यांना कौतुक नव्हते. "तो कुणी वाचलाच नाही, त्यात त्याचं काय कर्तृत्व?" जपलेला हा त्यांच्या लेखी खरा मान. अंक वाचला गेला पाहिजे, पुन्हा पुन्हा वाचला गेला पाहिजे, आणि तरी कुणीतरी त्याला सांभाळलेले असले पाहिजे. हा शेरा मी त्यांच्या तोंडून एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा ऐकला. या पाचांच्या बाहेर एक सहावा होता, जातीबाहेर टाकल्यासारखा. अंकाची अवस्था सुधारावी म्हणून कुणी रंग भरला, पिना बदलल्या, कडा कापल्या, काही खोडले, की ते एवढेच म्हणत, "हात लागलेला." त्याला दुसरा शेरा नाही, आणि तो शेरा परत घेणे नाही.

एकदा नौपाड्यातून निखिल नावाचा एक संग्राहक आला होता. तिशीतला, बँकेत नोकरी करणारा, बोलण्यात उत्साह ओसंडणारा.

"काका, एकदम टकाटक पीस आहे! आमच्या ग्रुपवर फोटो टाकला तर सगळे वेडे झाले. मी आणलाय तेव्हापासून उघडलापण नाही. तुम्ही फक्त कोरा म्हणा, विषय संपला."

काकांनी अंक तिरपा केला.

"मुक्ता, इकडे ये. या पिनेपाशी काय दिसतं?"

मी वाकले. पिनेच्या शेजारीच, केसाएवढ्या अंतरावर, दोन रिकामी भोके होती.

"पिना दोन आणि भोकं आठ," काका निखिलला म्हणाले. "जुन्या पिना काढून नव्या मारल्यात. आणि इथं काळ्या सावलीत स्केचपेन फिरवलंय. छापलेला काळा रंग उजेड पितो, हा चमकतोय."

"अरे यार. म्हणजे विकणाऱ्यानं मला चुना लावला." निखिल हिरमुसला, पण लगेच सावरला. "पण काका, थोडंसंच आहे ना? तुम्ही जपलेला म्हणालात तरी चालेल. कोण एवढं बघतंय?"

"मी बघितलं ना."

"तुम्ही पण ना काका, लय स्ट्रिक्ट!"

स्वयंपाकघरातून सुमनकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अरे, त्यांच्याशी कसला वाद घालतोस? लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, माझ्या आमटीला अजून 'बरी आहे'च्या वर गुण मिळालेला नाही." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "सुरमई तळून झालीय. चला आता."

"हाताला तेल लागेल. एवढे दोन अंक होऊ देत."

"या कागदांना जेवढं जपलंत तेवढं मला जपलं असतंत तर! बरं, एकदा सांगूनच टाका. मला कुठला शेरा?"

काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे गंभीरपणे पाहिले. "वापरातल्या."

"अगंबाई! ऐकलंस का मुक्ता? निदान या दोघांसमोर तरी खोटं बोलायचंत!"

"शेऱ्यात खोटं नाही," काका म्हणाले, आणि आम्ही तिघेही हसलो. काका हसले नव्हते.

हळूहळू चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि त्यांचे टपोरे अक्षर ओळ सोडून उतरू लागले होते. ते सांगत, मी लिहीत असे. कामाच्या ओघात त्यांनी मला बरेच शिकवले. धूळ कशी झटकायची, चिकटपट्टी दिसली तरी ओढायची का नाही. कागदावरचा मळ काढण्याची त्यांची एक रीत होती: मऊ खोडरबर किसणीवर किसून त्याचा चुरा पानावर भुरभुरायचा आणि करंगळीच्या पेराने, बाळाच्या टाळूला तेल लावावे तसा, गोल गोल फिरवायचा. चुरा करडा होतो, पान उजळते. "मळ काढायचा, माणूस काढायचा नाही," ते म्हणत. मी मान डोलवत असे. वाक्य सुंदर होते, म्हणून माझ्या लक्षात राहिले. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

आणखीही एक गोष्ट मी विचारली नाही. लहानपणाबद्दल ते क्वचित बोलत, आणि बोलले की दरवेळी वाक्य एकाच तऱ्हेने सुरू होई. "आम्ही दोघं पंधरवड्याला एक अंक घ्यायचो." "आम्ही दोघं कल्याण स्टेशनवरच्या स्टॉलसमोर तासभर उभे राहायचो." कोण दोघे? कवितेतल्या शब्दाशेजारच्या मोकळ्या जागेत काय आहे ते ऐकायला मला शिकवले गेले होते. मी तेच कॉलेजात शिकवत होते. आणि पुन्हा पुन्हा माझ्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या त्या 'दोघां'पैकी दुसरा कोण, हे मला एकदाही विचारावेसे वाटले नाही.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली तेव्हा काकांनी मला कपाटाची किल्ली दिली. शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस ते भाचीकडे राहणार होते; वाकायची, धुळीत जायची त्यांना मनाई होती. त्यांच्या स्वतःच्या अंकांना नव्या पिशव्या चढवायच्या, चिठ्ठ्या जुन्या झाल्या असतील तर तेच शेरे नव्याने लिहायचे, एवढेच काम. मी सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी दोन तास ते करू लागले. त्या घरात एकटी बसून पाने हाताळताना मला फार सुख वाटे. काकूंच्या जात्या-येत्या पावलांचा आवाज, खिडकीतून येणारी कढीपत्त्याच्या झाडाची सळसळ, आणि बोटांखाली तो मऊ, दाणेदार, मावळत चाललेला कागद.

शेवटच्या कप्प्यात, अगदी मागे, एका सुती फडक्यात गुंडाळलेला एक अंक निघाला. त्याला पिशवी नव्हती आणि चिठ्ठीही नव्हती. माझ्या मनात आले, हा तपासायचा राहून गेला. मुखपृष्ठाचे रंग लखलखीत, कणा ताठ, पिना स्वच्छ. मी तो काकांसारखा तळहातांवर घेतला, तिरपा केला. चीर नाही, डाग नाही. मग पहिले पान उघडले. वरच्या कोऱ्या पट्टीत शिसपेन्सिलीने, दाबून दाबून, वळणाचा सराव केल्यासारख्या अक्षरांत लिहिले होते:

हा अंक शशीचा आहे. दादाने हात लावू नये. लावल्यास आईला सांगीन.

मला हसू आले. रद्दीतून आलेल्या गठ्ठ्यांत असे मजकूर नेहमी सापडत: कुणा मंदाचे, कुणा प्रकाशचे, इयत्ता आणि तुकडीसकट. या लेखनापायी असा देखणा अंक खालच्या शेऱ्यावर उतरणार, याची मला हळहळ वाटली. काका घरी येतील, पट्टी सुटेल, नव्या डोळ्यांनी ते पहिला अंक पाहतील, तो हा असावा. हाही मळच, असे समजून मी खोडरबर किसले. दोन सकाळी लागल्या. करंगळीचे पेर हुळहुळले. चुरा करडा होत गेला, अक्षरे विरत गेली: आधी आई, मग दादा, सर्वांत शेवटी शशी. त्याने फार दाबून लिहिले होते.

काका परतल्यावर मी तो अंक दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. ते खिडकीपाशी काळा चष्मा लावून बसले होते. त्यांनी चष्मा काढला. मुखपृष्ठ पाहिले आणि दोन्ही हात मांडीवरून उचललेच नाहीत. मी म्हटले, "काका, घ्या ना. पहिलं पान बघा." तरीही ते घेईनात. शेवटी मीच पान उघडून समोर धरले.

त्यांनी ती कोरी पट्टी पाहिली. मग हात पुढे केले, अंक घेतला, उजेडात तिरपा केला. त्या उजेडात खरवडलेल्या जागेवर कागदाची लव उभी राहिली होती, ती मलाही दिसली.

"खोडरबर कुठलं वापरलंस?"

"तुमचंच. किसून. तुम्ही शिकवलंत तसंच."

"हं." त्यांनी पान मिटले. "काम स्वच्छ झालंय."

मी चिठ्ठी पुढे ओढली, पेन उघडले. ते म्हणाले, "आज नको. डोळा दुखतोय."

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती. ती त्यांनी पायरीवर ठेवली.

"तुला कुणी सांगितलंच नव्हतं गं. तुझी काय चूक? शशी यांचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांचा होता. तो अंक आणला आणि त्याच आठवड्यात काविळीनं पडला, तो उठलाच नाही." त्यांनी पिशवी पुन्हा उचलली. "पानावर लिहिलेलं यांनी पाळलं. आयुष्यभर पाळलं. कधी वाचला नाही, तपासला नाही. घर बदललं तेव्हासुद्धा फडक्यासकट मला उचलायला लावला. काल पहिल्यांदा हातात घेतला त्यांनी."

आणि मला त्यांचे मांडीवर थबकलेले हात आठवले. मनाई मी पुसून टाकली होती. आता हात लावायला काही हरकत उरली नव्हती.

क्षमा मागायला मी दोनदा दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा तो नानकटाईचा वास आधी आला आणि मी घंटी न वाजवता परत फिरले. रविवारी येणारी माणसे जिन्यातून वर जाताना ऐकू येत. चिठ्ठ्या आता कोण लिहिते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. काकांनी मला कधी बोलावले नाही, कधी टाळलेही नाही. फाटकात भेटले की विचारत, "कॉलेज काय म्हणतं?" त्या प्रश्नाइतका सभ्य दरवाजा माझ्या तोंडावर कुणी लावला नसेल. मग इमारत पुनर्बांधणीला गेली, आम्ही सगळे विखुरलो. गुप्ते पतीपत्नी टिटवाळ्याला भाचीच्या शेजारी राहायला गेले. मी वर्षभर गेले नाही. हे वर्ष मला कुठल्याही उजेडात धरले तरी सारखेच दिसते.

काकूंचा फोन आला म्हणून गेले. मोतीबिंदू निघाला होता, पण डोळ्याचा मागचा पडदाच विरत चालला होता. आता त्यांना फक्त आकार दिसत. नव्या उंच इमारतीत, ओल्या रंगाचा वास अजून न गेलेल्या खोलीत, ते बाल्कनीपाशी बसले होते. समोर भातखाचरे होती, त्यांच्या मधोमध आणखी एका इमारतीचे खांब उभे राहत होते. कपाट भिंतीशी होते, पण जुना वास हरवला होता.

"मुक्ता आलीय," काकू म्हणाल्या.

"पावलं ओळखली मी. दारापाशी थांबून परत जाणारी पावलं आहेत ती."

मी त्यांच्या पायांशी बसले. "काका, मी..." एवढेच म्हटले.

"संग्रह निखिलला देतोय," त्यांनी मला मध्येच थांबवले. "बडबड्या आहे, पण आता डोळा तयार झालाय त्याचा. चिठ्ठ्या सगळ्या लागल्यात. एकच राहिलीय. तो अंक त्याला द्यायचा नाही, पण चिठ्ठी हवी. बिनशेऱ्याचा अंक मला ठेवायचा नाही. सुमन, ते फडकं आण."

त्यांनी फडके स्वतः सोडले. हुंगले नाही, कणा पाहिला नाही, पाने मोजली नाहीत. पहिले पान उघडले आणि धागा तपासणारी ती तर्जनी वरच्या पट्टीवर ठेवली. बोट हळूहळू डावीकडून उजवीकडे निघाले. एका जागी थांबले, मागे आले, पुन्हा त्याच जागेवरून गेले. त्यांचे ओठ हलत होते. अकरा वर्षांच्या हाताने फार दाबून लिहिले होते. शिसे मी काढू शकले, कागदात उतरलेला दाब मला काढता आला नव्हता. बाल्कनीतून आडवे ऊन येत होते. त्यांच्या बोटामागे मला ती सावलीची अक्षरे दिसली, पुसट, तुटक, काही ठिकाणी लवेत बुडालेली. 'दादा' जवळजवळ गेला होता. 'शशी' होता.

ओळ संपली. मग अंक मिटून माझ्याकडे दिला. देताना अंगठ्याने माझ्या करंगळीचे पेर एकदा दाबले.

"लिही."

मी चिठ्ठी गुडघ्यावर घेतली. शेरा मला ठाऊक होता. त्यांच्या नियमाने या अंकाला दुसरा शेरा नव्हताच, आणि शेऱ्यात ते खोटे बोलत नसत. 'हात'मधला 'हा' मी लिहूनही टाकला होता. तेवढ्यात, भातखाचरांकडे तोंड करून, दुसऱ्या कुणाचा अंक असावा इतक्या कोरड्या आवाजात, काका म्हणाले,

"जपलेला."